फॉर्म भरला, पण पोचपावतीचा मेल आला नाही

शिबिराच्या नोंदणीचा साधा फॉर्म. नाव, ईमेल, फोन, गाव आणि कोणत्या तारखेची तुकडी हवी ते. ‘पाठवा’ दाबलं की सर्व्हरवरची पीएचपी भाषेतली स्क्रिप्ट माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलात टाकते, भरणाऱ्याला ‘शिबिराची नोंदणी मिळाली’ असा मेल करते, एक प्रत कार्यालयाला पाठवते आणि आभाराचं पान दाखवते. दीडशे-दोनशे ओळींचं काम, शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असलेल्या सामायिक सर्व्हरवर ठेवलेलं. तक्रार आली ती अशी: आभाराचं पान दिसतं, टेबलात नोंदही होते, पण मेल येत नाही. चौकशी केल्यावर कळलं की काहींना येतो, काहींना येत नाही, आणि कार्यालयाची प्रत तर कुणीच पाहिलेली नाही.

अशा वेळी हात थेट कोडकडे जातो. तो आवरला, कारण या एका तक्रारीच्या पोटात तीन वेगळे बिघाड असू शकत होते आणि एक दुरुस्त करताना दुसरा झाकला गेला असता. आधी टेबलातल्या शेवटच्या ४० नोंदी काढल्या आणि लोकांना फोन करून प्रत्येकीपुढे लिहिलं: आला, स्पॅममध्ये सापडला, की आलाच नाही. पत्त्यातलं ॲट चिन्हानंतरचं डोमेन वेगळ्या रकान्यात घेतलं आणि त्यावर यादी लावली. चित्र लगेच दिसलं. याहूच्या एकाही पत्त्यावर मेल पोचला नव्हता. जीमेलवाल्यांचे बहुतेक स्पॅममध्ये पडले होते. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर एकही नाही. ही यादी करायला दोन तास गेले, पण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तीच कामाला आली.

मग स्क्रिप्टमध्ये फक्त नोंदी लिहिणाऱ्या ओळी घातल्या, बाकी काही बदललं नाही. मेल पाठवण्याच्या ओळीआधी एक आणि नंतर एक: वेळ, नोंदणी क्रमांक, पत्ता, आणि मेल फंक्शनने ट्रू परत दिलं की फॉल्स. ही लॉग फाइल वेबवरून उघडता येणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे पब्लिक एचटीएमएल फोल्डरच्या बाहेर ठेवायची. तिच्यात लोकांचे पत्ते असतात. प्रत्येक वेळी ट्रूच आलं. इथे बरेच जण ‘स्क्रिप्ट बरोबर आहे, होस्टिंगचा दोष’ म्हणून थांबतात. पण त्या ट्रूचा अर्थ एवढाच, की त्याच यंत्रावरच्या मेल सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. पत्र लाल पेटीत पडलं, टपाल निघालं की नाही हे त्यातून कळत नाही.

निघालेलं टपाल कुठे अडकलं हे बाउन्स सांगतो, म्हणजे ‘पोचवता आला नाही’ म्हणून परत येणारा मेल. तो कुठे जातो हे समजायला मेलचे दोन पत्ते वेगळे ओळखावे लागतात. वाचणाऱ्याला दिसतो तो पत्राच्या मथळ्यातला ‘फ्रॉम’. दुसरा पाकिटावरचा, सर्व्हर एकमेकांशी बोलताना वापरतात तो. तोच पुढे ‘रिटर्न-पाथ’ म्हणून उमटतो. बाउन्स पाकिटावरच्या पत्त्यावर जातो. स्क्रिप्टने तो दिला नाही तर शेअर्ड होस्टिंगवर सहसा होस्टिंग खात्याचं नाव आणि सर्व्हरचं नाव मिळून एक पत्ता आपोआप लागतो, आणि त्याची पेटी कुणीच उघडत नाही. आमच्या सीपॅनेलमधल्या, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमधल्या, त्या मूळ पेटीत बाउन्सचा ढीग साचलेला होता. उत्तर तिथेच पडून होतं.

याहूकडून परतलेल्या प्रत्येक मेलमध्ये ५५४ ५.७.९ हा आकडा आणि ‘धोरणामुळे स्वीकारला नाही’ अशा अर्थाची ओळ. संस्थेच्या डोमेनवरून परतलेल्यांत ५५० आणि ‘असा वापरकर्ता इथे नाही’. हे दोन आकडे म्हणजे दोन वेगळी दुखणी. सर्व्हरच्या उत्तरातला पहिला अंक लक्षात ठेवावा: ४ ने सुरू झालं तर ‘आत्ता नाही, नंतर ये’, ५ ने सुरू झालं तर ‘नाही म्हणजे नाही’. ४५१ पाहून कोड बदलायला बसू नये, मेल सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो.

पुढचे बाउन्स योग्य हाती पडावेत म्हणून मेल फंक्शनला पाचवा घटक दिला: वजा चिन्ह, त्याला लागून एफ, त्याला लागून पत्ता, मध्ये कुठेही जागा नाही. तो पत्ता खरोखर अस्तित्वात असलेल्या पेटीचा असावा. तिथे भरणाऱ्याने दिलेला मजकूर कधीही जाऊ देऊ नये, कारण हा घटक थेट सेंडमेलच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या, आज्ञेला जोडला जातो.

आता याहूचं दुखणं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने हेडर, म्हणजे मेलच्या मथळ्यातल्या ओळी, एकदाच तयार करून दोन्ही मेलना वापरले होते आणि ‘फ्रॉम’मध्ये फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता टाकला होता. कार्यालयाने ‘उत्तर द्या’ दाबलं की सरळ त्या माणसाला जावं, हा हेतू. पण परिणाम असा, की आपलं होस्टिंग ‘मी याहूच्या या ग्राहकाकडून आलोय’ असं सांगत याहूच्याच दारात उभं राहत होतं. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनसाठी डीमार्कचं, म्हणजे आपल्या नावाच्या खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणारं, धोरण ‘रिजेक्ट’ केलं: आमच्या नावाने आमच्याकडून न निघालेला मेल नाकारा. एओएलनेही त्याच महिन्यात तेच केलं. त्याआधी लिहिलेल्या, किंवा तेव्हाच्या नमुन्यांवरून उतरवलेल्या कित्येक स्क्रिप्टमध्ये ही ओळ अजून तशीच सापडते. दुरुस्ती दोन ओळींची. ‘फ्रॉम’ नेहमी आपल्या डोमेनचा. कार्यालयाच्या प्रतीत ‘रिप्लाय-टू’ भरणाऱ्याचा आणि भरणाऱ्याच्या प्रतीत ‘रिप्लाय-टू’ कार्यालयाचा. संस्थेचा जीमेलचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकून मेल होस्टिंगवरून पाठवणं ही त्याच चुकीची दुसरी तऱ्हा.

कार्यालयाच्या प्रतीचं ५५० मात्र कोडमध्ये नव्हतंच. संस्थेची वेबसाइट होस्टिंगवर आणि त्याच डोमेनच्या मेलपेट्या गूगल वर्कस्पेसवर. होस्टिंगच्या सर्व्हरला वाटत होतं की या डोमेनचा मेल आपल्याच घरातला, म्हणून तो बाहेर एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठे न्यायचा ते सांगणारी नोंद) पाहायला जातच नव्हता; घरातच पेटी शोधायचा आणि ‘असा वापरकर्ता इथे नाही’ म्हणायचा. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ हे पान असतं. तिथे ‘लोकल’चं ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ केलं आणि पुढच्याच मिनिटाला कार्यालयाची प्रत आली. बाकी जगाला मेल पोचतो, फक्त आपल्याच डोमेनवर नाही, असं दिसलं की सगळ्यात आधी इथे पाहावं.

जीमेलमधलं स्पॅम ‘फ्रॉम’ बदलल्यावर कमी झालं, थांबलं नाही. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या यादीत ‘शो ओरिजिनल’ घेतलं की वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकाल लिहिलेले असतात. एसपीएफपुढे ‘पास’ नव्हतं आणि डीकेआयएमची ओळच नव्हती. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे याची डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, ठेवलेली यादी. आमच्या डीएनएसमध्ये अशा दोन याद्या निघाल्या, एक गूगलची आणि एक नंतर कुणीतरी होस्टिंगसाठी जोडलेली. नियमाप्रमाणे एका डोमेनला एसपीएफचं एकच रेकॉर्ड चालतं. दोन असली तर तपासणारा सर्व्हर दोन्ही सोडून देतो आणि निकाल ‘पर्मएरर’, म्हणजे कायमची चूक, असा लागतो. दोन्ही एकाच ओळीत गुंफली. ‘इन्क्लूड’ (दुसऱ्याची यादी आपल्यात ओढणारी नोंद) वाढवतानाही मोजून वाढवावेत, कारण तपासणी करताना डीएनएसकडे १० पेक्षा जास्त फेऱ्या पडल्या तरी तोच पर्मएरर येतो, आणि एका इन्क्लूडच्या पोटात आणखी काही असू शकतात.

डीकेआयएम म्हणजे मेलवर सर्व्हरने केलेली सही. तिची किल्ली सीपॅनेलच्या ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ पानावर तयार मिळते. पण डोमेनचे नेमसर्व्हर दुसरीकडे असतील तर ती तिथल्या डीएनएसमध्ये स्वतः नेऊन टाकावी लागते, आणि तिथे एक ठेच ठरलेली. २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांत मावत नाही, आणि टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, रेकॉर्डमधला एक तुकडा २५५ पेक्षा लांब चालत नाही. काही पॅनेल ती आपोआप तोडतात. काही गुपचूप शेपूट कापतात, आणि मग सही असूनही निकाल ‘फेल’. अशा ठिकाणी एकाच रेकॉर्डमध्ये दुहेरी अवतरणांत दोन तुकडे द्यायचे. बदल केल्यावर घाई करू नये. रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे जुनी प्रत लक्षात ठेवायची मुदत, १४४०० सेकंद असेल तर ४ तास जुनाच निकाल दिसू शकतो. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी काहीतरी सगळ्यांकडूनच मागायला सुरुवात केली आहे. जीमेलकडे दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, वर डीमार्कही. दिवसाला दहा नोंदण्या असल्या तरी तिन्ही करून ठेवावं. डीमार्क ‘नन’ (काहीच नाकारू नका) धोरणावर सुरू करावं आणि दोन-तीन आठवडे अहवाल पाहून मगच कडक करावं.

इथवर मेल पोचू लागले. मग दिसला मराठीचा घोळ, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

मेलच्या हेडरमध्ये देवनागरी सरळ घालता येत नाही. विषय बेस६४ (फक्त साध्या रोमन अक्षर-आकड्यांत लिहायची रीत) किंवा तत्सम रूपात गुंडाळावा लागतो आणि अशी एक गुंडाळी ७५ अक्षरांपेक्षा लांब नसावी. ‘यूटीएफ-८’ हे अक्षरं साठवायच्या पद्धतीचं नाव लिहिण्यात आणि खुणांत १२ अक्षरं जातात, उरलेल्या ६३ मध्ये बेस६४ ची ६० बसतात, म्हणजे मूळ मजकुराचे ४५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही वेगळी चिन्हं. आता ‘शिबिराची नोंदणी मिळाली’ मोजा. ‘शिबिराची’ची ८ चिन्हं, २४ बाइट, एक जागा, २५, ‘नोंदणी’ची ६ चिन्हं, ४३, आणखी एक जागा, ४४. पंचेचाळिसावा बाइट म्हणजे ‘मिळाली’मधल्या ‘म’च्या तीन बाइटांपैकी पहिला. स्क्रिप्ट बाइट मोजून तिथेच तोडत होती. म्हणून लोकांना ‘शिबिराची नोंदणी’ नीट दिसायची, ‘म’च्या जागी प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन आणि त्यापुढे ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली वेलांटी. विषय दोन शब्दांचा केला की बरा दिसे, म्हणून आधीच्या कुणीतरी तो लहान करून वेळ मारून नेली होती. खरा उपाय म्हणजे चिन्हाच्या सीमेवर तोडणारं एमबी-एन्कोड-माइमहेडर हे फंक्शन. पीएचपीमेलर ही मेल पाठवायची तयार लायब्ररी वापरत असाल तर त्याचा कॅरसेट (अक्षरसंच) आधी यूटीएफ-८ करावा, न सांगितल्यास तो आयएसओ-८८५९-१ हा देवनागरी नसलेला जुना संच धरून चालतो.

मजकुराची गोष्ट अशीच, फक्त आकडा मोठा. मेलमधली एक ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब नसावी. इंग्रजीत ९९८ अक्षरांचा सलग परिच्छेद क्वचित होतो; मराठीत ३३२ चिन्हांनंतरच मर्यादा संपते. ‘सोबत काय आणावं’ हा परिच्छेद, पांघरूण, विजेरी, पाण्याची बाटली, औषधं करत, सहज त्यापुढे जातो. मग वाटेतला एखादा सर्व्हर ओळ मध्येच तोडतो आणि ‘विजेरी’तलं एक अक्षर फुटतं, किंवा मेल सरळ परत फिरवतो. मजकूर बेस६४ करून ७६ अक्षरांच्या ओळींत पाठवला की प्रश्न मिटतो. त्यासाठी कॉन्टेंट-टाइपमध्ये यूटीएफ-८ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंगमध्ये बेस६४, दोन्ही सांगावं लागतं.

फुटलेल्या अक्षरांचं रूप पाहून कारण ओळखता येतं. सगळीकडे साधी प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर मेलपर्यंत पोचण्याआधीच गेला आहे. डेटाबेसची जोडणी तपासा, ती बहुधा यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) नाही. टेबलातही प्रश्नचिन्हंच असतील तर ती अक्षरं परत मिळत नाहीत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे चलनाचं गोल चिन्ह, ही जोडी दर अक्षराला दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे, फक्त वाचणाऱ्याला तो यूटीएफ-८ असल्याचं कुणी सांगितलेलं नाही. आणि हेडरच्या ओळी एकमेकींना चिकटून एकच झाल्या असतील तर ओळतोडीचा दोष: पीएचपीत एकेरी अवतरणात लिहिलेलं बॅकस्लॅश-एन हे नवी ओळ होत नाही, तसंच अक्षरशः उमटतं.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी चौथं दुखणं निघालं. होस्टिंगची मर्यादा ताशी २०० मेल. प्रत्येक नोंदणीला दोन मेल, म्हणजे तासाला १०० नोंदण्यांनंतरचे सगळे मेल गळाले आणि स्क्रिप्टने ते टाकूनही दिले. म्हणून मेल फॉर्मच्या विनंतीतून बाहेर काढला. फॉर्म आता फक्त नोंद करतो आणि रांगेच्या टेबलात एक ओळ टाकतो: नोंदणी क्रमांक, पत्ता, स्थिती, प्रयत्न किती, शेवटची चूक काय, पाठवल्याची वेळ. क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, दर ५ मिनिटांनी १२ मेल उचलतो, म्हणजे ताशी १४४. कार्यालयाची प्रत बंद करून रोज रात्री एकच यादी ठेवली. एक खबरदारी: पहिला क्रॉन संपण्याआधी दुसरा सुरू झाला तर एकालाच दोन मेल जातात. म्हणून ओळ उचलताना स्थिती ‘बाकी’ असेल तरच ‘चालू’ करायची आणि खरंच एक ओळ बदलली का ते पाहून मगच पाठवायचं. आभाराच्या पानाकडे ३०३ ने (ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवणाऱ्या उत्तराने) वळवलं की पान ताजं करण्याने होणारी दुहेरी नोंदही थांबते.

पाठवणं पीएचपीमेलरने, एसएमटीपीवरून, म्हणजे लॉगिन करून थेट मेल सर्व्हरशी बोलून. इथे लोक सर्वाधिक अडतात ते पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या दाराच्या क्रमांकावर. ५८७ ला बोलणं साधं सुरू होतं आणि स्टार्टटीएलएसने कुलूपबंद होतं. ४६५ ला पहिल्या बाइटपासूनच कुलूप. ४६५ देऊन स्टार्टटीएलएस निवडलं तर सर्व्हर कुलपाची वाट पाहतो, आपली स्क्रिप्ट सर्व्हरच्या २२० च्या स्वागताची, आणि दोघं मुदत संपेपर्यंत गप्प. पीएचपीमेलरची मुदत मुळात ३०० सेकंदांची. ती १५ करावी. ५३५ आलं तर नाव किंवा पासवर्ड चुकला. जीमेलच्या खात्याला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. प्रमाणपत्रावर मेल कंपनीऐवजी होस्टिंगच्या सर्व्हरचं नाव दिसत असेल तर होस्टिंग आपलं बोलणं मध्येच स्वतःकडे वळवतंय. अशा वेळी प्रमाणपत्राची तपासणी बंद करू नये, होस्टिंगला सांगून वाट मोकळी करून घ्यावी. डीबगची पातळी २ ठेवली की सगळा संवाद दिसतो, पण तो लॉगमध्ये न्यावा, पानावर कधीच नाही.

पोचपावतीच्या फॉर्मचा गैरवापरही होतो, आणि तो आपल्या डोमेनची पत घालवतो. आपोआप फॉर्म भरणारा बॉट ‘नाव’ या रकान्यात जाहिरातीची लिंक टाकतो, ईमेलमध्ये भलत्याच माणसाचा पत्ता, आणि आपली स्क्रिप्ट इमानाने त्या माणसाला ‘नमस्कार’ म्हणून ती जाहिरात पोचवते. म्हणून मेलच्या मजकुरातून नाव काढलं, फक्त नोंदणी क्रमांक आणि तुकडीची तारीख ठेवली. फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवला, तो भरलेला आला की मेल नाही. एकाच पत्त्यावर दिवसाला दोनच मेल. नाव आणि ईमेलमध्ये नवी ओळ सापडली तर फॉर्म नाकारायचा, कारण त्याच वाटेने ‘बीसीसी’, म्हणजे लपवलेले जादा पत्ते, घुसवतात.

उरले ते चुकीचे पत्ते. मोबाइल स्वतःहून पत्ता भरतो तेव्हा शेवटी एक जागा सोडतो, ती ट्रिमने कापायची. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या पत्त्यात न दिसणारं चिन्ह येतं: डोळ्यांना पत्ता १८ अक्षरांचा, बाइट मोजणारी स्ट्रलेन सांगते २१. ते ३ बाइट काढून मगच तपासणी करावी. मराठी कीबोर्डवरून आलेले आकडे, फोनचे असोत की ईमेलमधले, आधी रोमन आकड्यांत बदलावेत, नाहीतर बरोबर भरलेला फॉर्मही अडतो. ‘कॉम’चं ‘कॉन’ होतं त्याला मात्र स्क्रिप्टकडे उपाय नाही, तो भरणाऱ्याच्या डोळ्यांकडे आहे. आभाराच्या पानावर आता ‘मेल पाठवला आहे’ असं लिहिलेलं नाही. तिथे मोठ्या अक्षरात नोंदणी क्रमांक आहे, खाली लिहिलेला पत्ता जसाच्या तसा, आणि शेजारी ‘पत्ता चुकला? इथे बदला’ हे बटण.